केळशीची वाळू आणि अंकांची साधने : बायनरी फाईलच्या वाचनाची साधनचिकित्सा

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव महालक्ष्मीच्या देवस्थानामुळे आणि शिवकालाशी संबंध असलेल्या याकूबबाबांच्या दर्ग्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. भारजा नदीच्या मुखापाशी असलेल्या वाळूच्या टेकडीने या परिचयात अलीकडच्या काळात आणखी एका विषयाची भर घातली. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीतील थरांचा व त्यांत सापडलेल्या मानवी वस्तीच्या खुणांचा अभ्यास करून, मध्ययुगात या किनाऱ्यावर सुनामीसारखी घटना घडली असावी असे मत मांडले. त्या मताची चर्चा अद्याप संपलेली नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र ही टेकडी नव्हे. तिच्यासंबंधीच्या वादात आता जी एक निराळ्या जातीची साधनसामग्री पुराव्यादाखल येऊ लागली आहे, ती कशी वाचावी हा येथील प्रश्न आहे. समुद्रतळाची खोली, किनाऱ्याची उंची, पावसाचे मान ही माहिती आज कागदावर नव्हे, तर संगणकाच्या बायनरी फाइलींत असते. ‘नमपाय’सारख्या अ‍ॅरे-विश्लेषणाच्या ग्रंथालयाच्या साहाय्याने त्या फाइली संख्यांच्या चौकटीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये, आणल्या जातात आणि त्यांवरून नकाशे व प्रतिमाने तयार होतात. इतिहासाच्या प्राध्यापकासमोर येतो तो तयार नकाशा. मोडी कागदाच्या नुसत्या सारांशावर निष्कर्ष काढणाऱ्यास आपण जो प्रश्न विचारतो, तोच येथेही विचारला पाहिजे : मूळ कोणी वाचले, आणि कसे?

इ. स. १५२४ ची साक्ष

सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत असता त्याचे आरमार दाभोळच्या समुद्रात होते. पहाटेच्या सुमारास समुद्र एकाएकी हादरला, जहाजे थरथरली, खलाशी भयभीत झाले, असा वृत्तान्त पोर्तुगीज इतिहासकारांनी दिला आहे. समुद्रही आपल्याला भिऊन कापतो आहे, अशा आशयाचे गामाचे उद्गारही त्यांत येतात. ते त्याने खरोखर काढले की पराक्रमाच्या वर्णनात मागाहून चिकटले, हे सांगणे कठीण. गास्पार कोरैयाचा ग्रंथ तर सोळाव्या शतकात लिहिला गेला, पण छापला गेला एकोणिसाव्या शतकात. दाभोळ त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होते.

दाभोळपासून केळशीचे हवाई अंतर सुमारे ३७ किलोमीटर. जहाजावरून पाहिलेला हादरा आणि केळशीच्या जमिनीतील वाळूचा थर यांची सांगड घालण्याचा प्रयत्न सी. पी. राजेंद्रन, मोहम्मद हैदरजादे व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये ‘प्युअर अँड अप्लाइड जिओफिजिक्स’ या नियतकालिकातील लेखात केला. त्यांनी १५२४ च्या सुनामीला ‘पोरकी’ म्हटले आहे. लाट दिसते, पण तिला जन्म देणारा भूकंप नक्की कोणता ते किनाऱ्यावर कळत नाही, असा त्याचा अर्थ. संभाव्य उगम म्हणून त्यांनी मकरानच्या अधोगमन क्षेत्राचा विचार केला आणि लाटेचे संख्यात्मक प्रतिमान तयार केले. मकरानचा संशय निराधार नाही. नोव्हेंबर १९४५ मधील तेथील भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती आणि येथे माणसे दगावली होती.

याच टप्प्यावर कागद व वाळू यांच्या जोडीला तिसरे साधन येते. सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. ३,००० मीटर खोल पाण्यात तो ताशी सुमारे ६२० किलोमीटर असतो, तर ५० मीटर खोलीवर ८० किलोमीटरपर्यंत उतरतो. कोकणासमोरचा उथळ खंडमंच बराच रुंद असल्याने लाट कोठे मंदावेल, कोठे उंचावेल आणि कोणत्या खाडीत शिरेल हे तळाच्या आकड्यांवरून ठरते. ते आकडे चुकीचे वाचले गेले, तर लाट केळशीला पोचते की नाही याचे उत्तरही बदलेल. शिवाय हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. २००४ च्या सुनामीनंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे भारताचे सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांना जुन्या लाटांचा हिशेब हवा असतो, आणि किनाऱ्यावर आज माणसे राहतात.

न तोडलेली अक्षरे

बायनरी फाईल म्हणजे काय, हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकास समजावून सांगणे इतरांपेक्षा सोपे आहे, कारण त्याने मोडी पाहिलेली असते. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि शब्द न तोडता अक्षरे लिहीत जातो. शब्द कोठे संपला हे कागदावर लिहिलेले नसते. वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते. बायनरी फाईलमध्येही बाईटमागून बाईट अखंड येतात. मध्ये स्वल्पविराम नाही, जागा नाही, ओळ संपल्याची खूण नाही. किती बाईटांची एक संख्या, ती पूर्णांक की अपूर्णांक, ऋण संख्या कशी दाखवली आहे, एका ओळीत किती संख्या आणि पहिली ओळ उत्तरेची की दक्षिणेची, हे सारे फाईलबाहेरून कळावे लागते.

यात बाईटांच्या क्रमाचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दोन बाईटांची संख्या लिहिताना मोठ्या स्थानाचा बाईट आधी लिहावा की लहान स्थानाचा, याविषयी संगणक बनवणाऱ्यांत एकमत नव्हते. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी या भांडणाला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे या वादाचे नाव दिले, आणि ‘बिग-एंडियन’ व ‘लिटल-एंडियन’ हे शब्द रूढ झाले. आपल्याला त्यासाठी स्विफ्टकडे जाण्याची गरज नव्हती. २५ हा आकडा लिहिताना आपण दोन आधी लिहितो, उच्चारताना मात्र ‘पंचवीस’ म्हणून पाच आधी घेतो. शिलालेखांतील भूतसंख्यांची रीतही अशीच : शब्दांनी दिलेले अंक एककापासून सुरू होतात आणि डावीकडे मांडत न्यावे लागतात. हा संकेत ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती शकाचा भलताच आकडा येतो, आणि तो आकडा आपण चुकीचा आहोत असे स्वतः कधी सांगत नाही.

कालगणनेतील एक उदाहरण याहून बोलके आहे. कागदावर नुसते ‘अकराशे’ साल असेल आणि ते शुहूर सन मानले, तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इ. स. १६९९-१७०० येते, म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनाचा काळ. तेच हिजरी मानले तर इ. स. १६८८-८९ येते, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या कैदेचा व वधाचा काळ. आकडा एकच, वाचन दोन, आणि दोन्ही साले मराठ्यांच्या इतिहासात सहज बसणारी. मोडक किंवा खरे यांची जंत्री हाताशी असूनही ही चूक होऊ शकते, कारण जंत्री आकडा बदलून देते; सन कोणता हे ती ठरवत नाही.

केळशीचा एक आकडा

आता प्रत्यक्ष फाईल घेऊ. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने सुमारे ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भूभागाची उंची मोजली. ही ‘एसआरटीएम’ मोहीम. तिची माहिती एक अंश बाय एक अंश अशा तुकड्यांत मिळते. १७ ते १८ उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश यांच्या तुकड्यात केळशीपासून सातारा परिसरापर्यंतचा प्रदेश येतो. तीन विकलांच्या आवृत्तीत या फाईलमध्ये १,२०१ ओळी व प्रत्येक ओळीत १,२०१ संख्या असतात; प्रत्येक संख्या दोन बाईटांची. म्हणून फाईलचा आकार बरोबर २८,८४,८०२ बाईट भरतो. आकार मोजणे ही या साधनाची बहिरंग परीक्षा. कागदाचा बंद व शिक्का तपासण्यासारखी.

केळशीचे स्थान सुमारे १७.९२ अक्षांश व ७३.०६ रेखांश धरले, तर उत्तरेच्या कडेपासून ९६ ओळी आणि पश्चिमेच्या कडेपासून ७२ स्तंभ सोडावे लागतात. ९६ ला १,२०१ ने गुणून ७२ मिळवले की १,१५,३६८. प्रत्येकी दोन बाईट, म्हणजे आरंभापासून २,३०,७३६ बाईट सोडून जो जोड येतो, तो केळशीचा.

येथे एका ओळीत १,२०१ ऐवजी १,२०० संख्या आहेत असे कोणी गृहीत धरले, तर? ही चूक अगदी स्वाभाविक आहे, कारण एका अंशात तीन विकलांचे भाग १,२०० च असतात. जास्तीची संख्या शेजारच्या तुकड्याशी सामाईक असलेल्या कडेची. मग प्रत्येक ओळीत एकेक घर मागे सरकत, ९६ ओळींनंतर आपण ७३.९८ रेखांशावर जाऊन पोचतो. केळशीच्या नावाने वाचलेली उंची वाईच्या पूर्वेची, सह्याद्रीपलीकडच्या देशावरची असते. एका घराच्या चुकीने कोकण सुमारे ९७ किलोमीटर सरकले! ही चूक निदान चित्रात दिसते; सारा नकाशा तिरपा होतो.

बाईटांच्या क्रमाची चूक अशी नाही. ही फाईल बिग-एंडियन आहे, तर आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक लिटल-एंडियन. ‘नमपाय’ला फाईल वाचायला सांगताना प्रकार दर्शवणाऱ्या संकेतात आरंभी ‘>’ हे चिन्ह घातले नाही, तर ते आपल्या यंत्राच्या रीतीने वाचते आणि तक्रार करत नाही. समजा, टेकडीचा माथा १८ मीटर आहे. मूळ दोन बाईट शून्य आणि अठरा. उलटे वाचले की अठरा गुणिले २५६, म्हणजे ४,६०८ मीटर. केळशीत हिमालय उभा राहिला, तर वाचणारा थबकेल आणि चूक सुधारेल.

खरी अडचण रिकाम्या जागांची आहे. रडारला जेथे उंची मिळाली नाही, तेथे या फाईलमध्ये उणे ३२,७६८ हा आकडा ठेवला आहे. तो ‘माहिती नाही’ याचा संकेत आहे, उंची नव्हे. हाच आकडा उलट्या क्रमाने वाचला, तर येतो १२८. कोकणात १२८ मीटरची टेकडी कोणाच्याही डोळ्यांत खुपणार नाही. फाटलेल्या कागदाची जागा एखाद्या बेताच्या, संभाव्य वाक्याने भरून निघावी आणि ती भरली गेली आहे हे कोणालाच कळू नये, तसे हे होते. बनावट कागद ओळखण्याची परंपरा आपल्याकडे राजवाड्यांपासून आहे. येथे बनावट करणारा कोणी नाही, केवळ वाचनाची रीत चुकली आहे, आणि परिणाम मात्र तोच.

अंतरंग परीक्षेतही थांबण्यासारख्या जागा आहेत. हे रडार दाट झाडीच्या जमिनीपर्यंत पूर्णपणे पोचत नाही. त्यामुळे माडाच्या वाड्या आणि सुरूची बने यांची उंची जमिनीच्या उंचीत मिसळते. शिवाय एक घर सुमारे ९० मीटरचे. केळशीच्या टेकडीचा इतिहास हातभर जाडीच्या थरांत आहे, आणि तो अशा घरात मावत नाही.

पुण्याच्या पर्जन्यफाइली

आकड्यांचे असेच एक दप्तर पुण्यात आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची पाव अंशाची जाळी सिद्ध केली. तिचे विवेचन डी. एस. पै व सहकारी यांनी २०१४ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात केले. दरवर्षाची एक बायनरी फाईल. तिच्यात दररोज १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश यांच्या छेदांवरील मिलिमीटरमधले आकडे, प्रत्येकी चार बाईटांचे. लीप नसलेल्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाईटांची असते; लीप वर्षाची अर्थातच एका दिवसाने मोठी.

ही जाळी दक्षिणेकडून, ६.५ अक्षांशापासून, सुरू होते. वर पाहिलेली उंचीची फाईल उत्तरेकडून सुरू होत होती. केळशीला सर्वांत जवळचा छेद १८ अक्षांश व ७३ रेखांश हा, म्हणजे दक्षिणेकडून मोजता शून्यापासून ४६ व्या क्रमांकाची ओळ. एकदा उंचीच्या फाईलची सवय लागलेल्याने तीच ४६ वी ओळ उत्तरेकडून मोजली, तर तो २७ अक्षांशावर, राजस्थानात फलोदी आणि नागोर यांच्या दरम्यान जातो. कोकणातील आषाढ कोरडा गेला असा निष्कर्ष कोणी अशा वाचनावरून काढला, तर दुष्काळाच्या इतिहासात एक नवाच दुष्काळ जमा होईल. या फाईलमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी उणे ९९९ हा संकेत आहे. समजा, एका महिन्याच्या २९ दिवसांचा पाऊस ८७० मिलिमीटर आहे आणि एका दिवसाच्या जागी उणे ९९९. तो न गाळता सरासरी काढली, तर दिवसाला उणे ४.३ मिलिमीटर पाऊस येतो. ऋण पाऊस पडत नाही, म्हणून ही चूक पकडली जाते. वरच्या १२८ मीटरच्या टेकडीपेक्षा ही चूक प्रामाणिक म्हणायची.

तो छेद मुळात केळशीचा नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो बाणकोटच्या खाडीपलीकडे, हरिहरेश्वरच्या समुद्रालगत पडतो. त्यावर येणारा आकडा कोणत्याही एका पर्जन्यमापकाचा नसून आसपासच्या मापकांवरून काढलेला असतो. या जाळीसाठी एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या, परंतु सर्व केंद्रे सर्व वर्षी नव्हती. अ‍ॅरेमध्ये १९०१ चा आकडा आणि २०१० चा आकडा शेजारी शेजारी, सारख्याच रूपात बसतात. त्यांच्यामागील साक्षीदारांची संख्या किती होती, ते त्या चार बाईटांत कोठेच नाही. तारखेपुढे साधन न देणाऱ्या शकावलीवर आपण जो आक्षेप घेतो, तो येथेही लागू पडतो.

मायना आणि मोर्तब

या अडचणी शास्त्रज्ञांना आधीच जाणवल्या होत्या. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९८५ च्या सुमारास सीडीएफ नावाची रचना पुढे आली, आणि तिच्या कल्पनेवरून युनिडेटा या संस्थेने त्याच दशकाच्या अखेरीस ‘नेटसीडीएफ’ सिद्ध केली. तिच्या मूळ प्रकारातील फाईलचे पहिले तीन बाईट सी, डी, एफ ही अक्षरेच असतात. त्यापुढे परिमाणे, एककांची नावे, अक्षांश-रेखांशांची मांडणी आणि रिकाम्या जागेचा संकेत यांची नोंद करण्याची सोय असते. मराठेशाहीतील पत्रात श्रीकार, मायना, तारीख आणि शेवटी मोर्तब यांवरून पत्र कोणाचे, कोणास, कधीचे आणि पुरे झाले की नाही हे कळते; तशीच ही व्यवस्था. हवामान विभागाच्या साध्या फाईलला असा मायना नाही; तिचे वर्णन वेगळ्या पानावर असते, आणि ते पान हरवले तर उरतात केवळ बाईट.

अ‍ॅरे-ग्रंथालयांचा इतिहास याच्या मागोमाग येतो : १९९५ चे ‘न्यूमेरिक’, त्यातून व त्याच्या प्रतिस्पर्ध्यातून २००६ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी एकत्र आणलेले ‘नमपाय’, आणि संख्यांसोबत त्यांची नावे व अक्षही बाळगणारे २०१४ चे ‘एक्सअ‍ॅरे’. शेवटचे साधन इतिहासाच्या वृत्तीला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात ‘४६ वी ओळ’ न मागता ‘१८ अक्षांश’ मागता येतो. तथापि मायना आहे म्हणून पत्र खरे ठरत नाही. फाईल तयार करणाऱ्याने एकक चुकीचे नोंदवले असेल, तर ग्रंथालय ती चूक मोठ्या निष्ठेने पुढे नेते.

आजचा समुद्रतळ, तेव्हाची लाट

शेवटचा आक्षेप वाचनाच्या रीतीपलीकडचा आहे. समुद्रतळाच्या जागतिक नकाशाचे ‘गेब्को’ हे काम १९०३ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या आश्रयाने सुरू झाले. त्याची २०१९ पासूनची जाळी १५ विकलांची आहे. ४३,२०० ओळी आणि ८६,४०० स्तंभ, म्हणजे ३७३ कोटींहून अधिक घरे. केळशीच्या अक्षांशावर एक घर साधारण साडेचारशे मीटरचे. भारजेचे मुख, दांडा आणि खाडीतील गाळ यांचा तपशील अशा घरांत पुसट होतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा तळ आजचा आहे. कोकणातील खाड्या गाळाने भरत आल्या आहेत. दाभोळ हे मध्ययुगातील मोठे बंदर होते, आणि खाड्यांच्या भरण्याने कोकणातील अनेक बंदरांचे वैभव ओसरले, हे आपण वर्गात शिकवतो. १५२४ ची लाट आजच्या खाडीत सोडून ती टेकडीपर्यंत चढते की नाही हे पाहणे म्हणजे पेशवाईतील कागदाची भाषा शिवकालीन मानण्यासारखा कालविपर्यास आहे. खोल समुद्रापुरता हा आक्षेप फारसा लागू होत नाही. तेथील तळ ५०० वर्षांत लाटेच्या दृष्टीने बदललेला नाही. किनाऱ्याजवळच्या शेवटच्या काही किलोमीटरांत मात्र तो पूर्णपणे लागू आहे, आणि केळशीचा प्रश्न नेमका तेथेच सुटायचा आहे. म्हणून या टेकडीच्या बाबतीत खणलेल्या चरातील थरांचे वजन प्रतिमानापेक्षा अधिक मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाळू वाऱ्याने साचली, वादळाने आणली की सुनामीने टाकली, हे कणांचा आकार, त्यांतील शिंपले आणि थरांची तळरेषा यांवरून आधी ठरावे. लाटेचे गणित त्यानंतर यावे.

हे गणित वापरताना एक सोय आहे, तिचा उपयोग मात्र कमी होताना दिसतो. ‘गेब्को’च्या खोलीच्या जाळीसोबत तेवढ्याच घरांची आणखी एक जाळी मिळते. तिच्यात प्रत्येक घरासाठी तेथील आकडा कसा मिळाला याचा संकेत असतो : ० म्हणजे जमीन, ११ म्हणजे जहाजावरून बहुकिरण ध्वनीने केलेले मापन, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वमापनावरून केलेले अनुमान. प्रत्यक्ष पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते हे घरागणिक सांगणारे साधन इतिहासकाराला एरवी कधी मिळत नाही. केळशी ते दाभोळ या पट्ट्यापुरती ती घरे काढून, खोलीच्या आकड्यांच्या आधी ती छापून पाहावीत. ही दुसरी फाईलही बायनरीच असते.